वणवा : तो पसरतो कसा आणि शेतकऱ्याचे हिरावून नेतो काय

शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो, साग आपली पाने टाकून मोकळा होतो आणि माळावरचे गवत वाळून पिवळे पडते. याच दिवसांत वाशिम जिल्ह्यातील टेकड्यांवर रात्रीच्या वेळी आगीच्या रांगा दिसू लागतात. गावातील माणसे ओट्यावर बसून त्या पाहतात आणि "रान पेटले" एवढे बोलून झोपी जातात. रान सरकारचे, आग रानाची, तेव्हा आपले त्यात काय जाते, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे आणि वणव्यात जळणाऱ्या वस्तूंपैकी कास्तकाराच्या मालकीचे किती असते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

महाराष्ट्रात वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो. रब्बीची मळणी, उन्हाळी मशागत, मोहफुलांची वेचणी आणि तेंदूपानांची तोडणी ही सर्व कामे याच चार महिन्यांत येतात. म्हणजे माणसाचा रानात आणि रानालगतच्या शेतात वावर सर्वांत जास्त असतो, त्याच वेळी रान सर्वांत कोरडे असते.

जिल्ह्याची ठेवण

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा हा पठारी व टेकड्यांचा मुलूख आहे. येथे पाणी दोन दिशांना वाटले जाते. काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला व पूर्णेवाटे तापीला मिळते. पैनगंगा, अडाण आणि अरुणावती यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. नद्यांच्या अशा उगमाकडील भागात उतारावरचे रान आणि गवत हेच पावसाचे पाणी थोपवून धरणारे पहिले बांध होत.

येथील जंगल पानगळीचे, कोरड्या हवेचे आहे. साग, धावडा, सालई, पळस, खैर, तेंदू, मोह ही त्यातील नेहमीची झाडे. मोकळ्या माळांवर मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी ही गवते आणि काही ठिकाणी सुवासिक तेलाची तिखाडी आढळते. मालेगाव तालुक्याच्या बाजूस काटेपूर्णा अभयारण्य असून ते अकोला व वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य सुमारे १८ चौरस किलोमीटरचे आहे. ही राने सलग व अफाट नाहीत. ती शेतांच्या मध्ये आणि गावांच्या पाठीशी तुकड्यातुकड्यांनी आहेत. त्यामुळे शेतातील आग रानात जाण्यास व रानातील आग शेतात येण्यास येथे वेळ लागत नाही.

आग पुढे कशी सरकते

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. यांपैकी एक काढून घेतली की आग विझते. वणवा विझविण्याचे सर्व उपाय याच एका गोष्टीवर उभे आहेत.

आपल्याकडील वणवा बहुधा जमिनीलगत चालतो. हिमालयात चिडाच्या झाडांना राळ असते, त्यामुळे तेथील आग भडकली की शेंड्यांपर्यंतही पोहोचते. येथे मात्र जळण असते ते गवताचे, गळलेल्या पानांचे आणि वाळल्या काटक्यांचे. सागाचे पान मोठे. वाळल्यावर ते वळते व पानापानांत हवा खेळती राहते. म्हणून सागाखालचा पाचोळा झटकन पेट घेतो. तिखाडीच्या पात्यांत तेल असल्याने तिची ज्वाळा उंच उठते.

ज्वाळेच्या आचेने पुढच्या गवतातील उरलासुरला ओलावा उडून जातो आणि मग ते गवत पेटते. अशा रीतीने आग आपली वाट आपणच वाळवीत पुढे जाते. वारा असेल तर ज्वाळा पुढे झुकते आणि हे वाळविण्याचे काम लवकर होते. उतारावरही तसेच घडते. आग टेकडीच्या पायथ्याशी लागली की तिची ज्वाळा वरच्या गवताला जवळ पडते व गरम हवा वर चढते. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो आणि वीस अंशांच्या उतारावर तो चौपट होतो, असा वनशास्त्रातील ठोकताळा आहे. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणी येथील डोंगरउतारावर वणव्यात सापडून वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. चढत्या आगीपुढे माणसाचे पाय थिटे पडतात, ही गोष्ट प्रत्येकाने ध्यानी ठेवावी.

टेकडी उतरताना आग हळू चालते. परंतु पेटलेला ओंडका घरंगळत खाली आला की पायथ्याशी नवी आग सुरू होते. वावटळीत पेटती पाने उडून पायवाट किंवा नाला ओलांडतात. उभे वठलेले झाड पेटले तर त्यातून तासन्‌तास ठिणग्या झडतात. रानात पडलेला वाळला शेणाचा पो तर आतल्या आत धुमसत राहतो आणि विझली म्हणून सोडून दिलेली आग दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने त्यातूनच पुन्हा उठते.

दिवसाच्या वेळेचाही फरक असतो. दुपारी बारा ते चार या वेळेत हवा सर्वांत कोरडी असते व आग सर्वांत जोरात असते. रात्री हवेत दमटपणा येतो, वारा पडतो आणि आग मंदावते. म्हणून संध्याकाळ, रात्र आणि पहाट या वेळा आग आवरण्यास सोयीच्या होत.

आग लागते कोठून?

उन्हाने दगड तापून किंवा बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, असे सांगण्याची चाल आहे. वस्तुतः आपल्याकडील जवळजवळ सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात. त्यांतील बहुतेक दुष्टाव्याने लागलेले नसून कामाच्या सोयीसाठी पेटविलेली आग हाताबाहेर गेल्याने लागलेले असतात.

पहिले कारण म्हणजे धुरा पेटविणे. तूर व हरभरा निघाला की धुऱ्यावरचे गवत, काटेरी झुडपे आणि शेतातील धसकटे जाळून शेत साफ करण्याची रीत आहे. मजुरीचा खर्च वाचतो आणि साप-विंचवाचे भय कमी होते, ही कास्तकाराची त्यामागील कारणे खोटी नाहीत. परंतु धुरा दोन शेतांच्या मध्ये असतो व त्याचे दुसरे टोक पुष्कळदा रानाला लागलेले असते. शेजारच्या संत्र्याच्या बागा, ठिबकाच्या नळ्या, कुटाराचे ढीग व गोठे यांची होळी अशाच आगीतून होते.

दुसरे कारण मोहफुलांचे. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो. तिसरे कारण तेंदूचे. जळालेल्या झुडपाला कोवळी पालवी लवकर फुटते, या समजुतीने रान पेटविले जाते. हीच पालवी झुडपांची वेळेवर छाटणी करूनही मिळते. याखेरीज मध काढणाऱ्याचा टेंभा, गुराख्याची विडी, वाटसरूने दगडांवर पेटविलेली चूल आणि शिकारीसाठी लावलेली आग ही कारणेही आहेतच.

चौथी समजूत सर्वांत जुनी आहे. रान जाळले की नवे गवत चांगले येते, असे गुरे पाळणारे सांगतात. तिच्यात सत्य किती, हे पुढे पाहू.

माती आणि पाणी

गवताची आग वेगाने निघून जाते. तिची उष्णता जमिनीत दोन-तीन इंचांखाली फारशी उतरत नाही. परंतु पाचोळ्याचे जाड थर, ओंडके किंवा झुडपांचे ढीग जेथे जळतात, तेथे माती भाजून निघते व तिच्यातील सूक्ष्म जीव मरतात. गवतातील व पाचोळ्यातील नत्राचा मोठा भाग वायुरूपाने उडून जातो. जो पाचोळा कुजून काळी माती भुसभुशीत करणार होता, त्याची चिमूटभर राख उरते. राखेत पालाश, चुना व थोडे स्फुरद असते, हे खरे; पण ती वाऱ्याने उडते किंवा पहिल्या पावसाच्या लोंढ्यात नाल्याला लागते. जेथे खत पडावयास हवे तेथे ते राहतच नाही.

याहून मोठी हानी पुढे जूनमध्ये होते. मृगाचा पाऊस मोठ्या थेंबांचा व जोराचा असतो. जमिनीवर गवताची मुळे, खोडके व पाचोळा असला तर थेंबाचा मार त्यावर बसतो आणि पाणी सावकाश मुरते. जमीन जळून उघडी पडली असेल तर थेंब मातीचा कण फोडतो, बारीक गाळाने जमिनीची छिद्रे बुजतात आणि पाणी वरच्या वर वाहून जाते. काही ठिकाणी जळालेल्या पाल्यातील मेणासारखी द्रव्ये मातीच्या कणांवर बसून मातीच पाणी झिडकारू लागते. आपल्या टेकड्यांवर मुळात मातीचा थर वीतभर, त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा दगड. असा एक इंच थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात.

ही वाहून गेलेली माती कोठे जाते? ती शेततळ्यात, गावतलावात आणि धरणांत साचते. काटेपूर्णेचे पाणी महान येथील धरणात अडविलेले असून अकोला शहर ते पाणी पिते. अडाणचे पाणी कारंजाकडील सिंचनाच्या कामी येते. टेकडी जळाली की एकीकडे धरणात गाळ वाढतो आणि दुसरीकडे पायथ्याच्या विहिरीला जे पाणी झिरपून मिळावयाचे ते मिळत नाही. गावात सलग समतल चर खोदले असतील तर ते अशा गाळाने लवकर भरतात. ज्या कास्तकाराची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, त्याने आपल्या वरच्या टेकडीकडे एकदा पाहावे.

गवत आणि झाडे

आता जुन्या समजुतीकडे वळू. रान जळाल्यावर थोड्याच दिवसांत कोवळे हिरवे कोंब दिसतात आणि गुरे ते आवडीने खातात, हे डोळ्यांनी दिसते. परंतु ते कोंब गवताने मुळात साठविलेल्या अन्नावर येतात. ऐन उन्हाळ्यात ते पुनःपुन्हा चरले गेले की मुळे दुबळी होतात व पावसाळ्यात गवताचा जोर कमी पडतो. दरवर्षी आग व दरवर्षी अनिर्बंध चराई असे चालले म्हणजे मारवेल, पवन्या यांसारखी कसदार गवते मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. कुसळीच्या बीला पीळदार शेपटी असते. ओलाव्याने ती फिरते व बी जमिनीत खुपसते. आग आली तरी ते बी वाचते. हीच कुसळे पुढे जनावरांच्या तोंडात व कातडीत रुततात. घाणेरीसारखे झुडूपही जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटते आणि मोकळी झालेली जागा व्यापते.

चाऱ्याचा साधा हिशेब करून पाहू. समजा, एका हेक्टर माळावर दीड टन वाळले गवत उभे आहे. एका गायीला दिवसाला सहा किलो वाळला चारा लागतो असे धरले, तर ते गवत २५० दिवस, म्हणजे आठ महिने पुरते. आगीत ते तासाभरात जाते. त्याच उन्हाळ्यात त्याच गावची माणसे कडबा विकत आणतात, हा व्यवहार तपासून पाहण्याजोगा आहे.

झाडांविषयी म्हणावयाचे तर मोठा साग, धावडा किंवा पळस एका वणव्याने सहसा मरत नाही. जाड सालीमुळे तो तगतो. मरतात ती रोपे. सागाचे रोप वरून जळते व मुळातून पुन्हा फुटते. पुढील वर्षी पुन्हा जळते. असे रोप कित्येक वर्षे गुडघ्याच्या वर जात नाही. मोहाखाली दरवर्षी पाला पेटविला तर त्या मोहाचे एकही रोप वाढत नाही. आज आपण जी फुले वेचतो ती आजोबांच्या काळात आगीतून वाचलेल्या रोपांची आहेत. नातवांनी कोणत्या झाडाखाली फुले वेचावीत, हे आजच्या आगीवर ठरते. शिवाय बुंध्याची साल एकदा भाजली की त्या जखमेतून वाळवी व बुरशी शिरते आणि लाकूड आतून पोकळ होते.

मुके रहिवासी

काळवीट व नीलगाय पळून जातात. पण काळविटाचे लहान पाडस धोक्याच्या वेळी पळत नाही, ते गवतात निपचित दडून राहते. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. तित्तिर व लावे गवताच्या बुडाशी घरटी करतात. सरडे, कासवे, साप, बेडूक यांना आगीपुढे धावणे शक्य नसते. अकोला-वाशिम भागातील गवताळ रानांत पावसाळ्यात तणमोर हा दुर्मिळ पक्षी आढळतो. त्याला उंच गवताचा आडोसा लागतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर तित्तिर, बगळे, सरडे व कोळी हे पिकावरील किडी खाणारे मदतनीस आहेत. शिवाय रान जळून चारा संपला की रोही व रानडुकरे शेताकडेच वळतात. ज्या उपद्रवाविषयी आपण तक्रार करतो, त्यात वणव्याने भर पडते.

धुरा न जाळता काय करावे?

जे गवत वेळेवर कापले जाते ते जळू शकत नाही. धुऱ्यावरचे व माळावरचे गवत ते फुलोऱ्यात असताना, साधारणतः ऑक्टोबरच्या सुमारास कापावे. त्या वेळी त्यात कस असतो. ते सावलीत सुकवून गंजी घालावी. उशिरा कापलेले गवत म्हणजे नुसती काडी. वनक्षेत्रातील गवत कापावयाचे असल्यास वनरक्षकाची परवानगी घ्यावी.

खाण्याजोगे नसलेले गवत, सोयाबीनचे खराब कुटार, तुरीचा पाला व धसकटे यांचे खत करावे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शोधून काढलेली नाडेप पद्धत यासाठी उत्तम आहे. विटांचे, भिंतीत छिद्रे ठेवलेले, १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाके बांधावे. त्यात काडीकचरा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर देऊन ओलावा राखावा. सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्याला ९० ते १०० किलो शेण पुरते आणि तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात पुष्कळ खत होते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. संत्र्याच्या बागेत हेच गवत झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरले तर ओलावा टिकतो. मात्र बागेच्या कडेची पट्टी साफ ठेवावी. अधिक माहिती रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात मिळेल.

मोहाखालची जागा खराट्याने झाडून घ्यावी किंवा जुन्या साड्या अंथराव्यात. फुले स्वच्छ मिळतात व राख न लागल्याने भावही बरा येतो.

गावाने करावयाची तयारी

१. रानाला लागून असलेल्या शेताच्या कडेने किमान दहा फूट रुंदीची पट्टी नांगरून किंवा गवत खरवडून मोकळी ठेवावी. उंच गवत किंवा चढ असेल तेथे पट्टी अधिक रुंद असावी.

२. वन विभाग हंगामापूर्वी जाळरेषा काढतो व त्या रेषेतील गवत देखरेखीखाली जाळतो. ही आग ठरावीक पट्टीत, थंड वेळी व माणसे उभी करून लावलेली असते. तिच्याकडे बोट दाखवून धुरा पेटविणे योग्य नाही.

३. कडब्याच्या व कुटाराच्या गंजी गोठ्यापासून आणि एकमेकींपासून दूर रचाव्यात.

४. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तेथे तिने, नसेल तेथे ग्रामपंचायतीने दहा-पंधरा तरुणांचे पथक नेमावे. फावडी, विळे, कुऱ्हाडी, पाण्याचे डबे व विजेऱ्या एका ठिकाणी ठेवाव्यात.

५. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी जानेवारी महिन्यात वनरक्षक, पोलीस पाटील व सरपंच यांच्यासह एक शिवारफेरी करावी आणि मागील वर्षी आग कोठून आली, हे त्या जागी उभे राहून पाहावे.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे शोधते व नोंदणी केलेल्या मोबाइलवर सूचना पाठविते. ही सोय उपयुक्त आहे. तथापि उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. मधल्या वेळात लागलेली लहान आग प्रथम दिसते ती गुराख्याला व शेतात काम करणाऱ्या बाईला. त्यांनी कळविण्यास उशीर केला नाही, तर आग लहान असतानाच विझते.

आग लागल्यावर

प्रथम वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. एकट्याने जाऊ नये. अंगात सुती कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. आगीच्या वरच्या बाजूस, उतारावर कधीही उभे राहू नये. बाजूने व पाठीमागून येऊन ताज्या हिरव्या फांद्यांनी ज्वाळेच्या बुडाशी झोडपावे व माती टाकावी. फांदी उंच उचलून आपटल्यास ठिणग्या उडतात, म्हणून ती दाबून ओढावी. पळण्याची वाट आधी पाहून ठेवावी. जळून गेलेली जागा ही बहुधा सर्वांत सुरक्षित असते. आगीसमोर आग लावण्याचा उपाय केवळ शिकलेल्या वन कर्मचाऱ्यांनीच करावा. आग विझल्यावर धुमसणारे ओंडके व शेणाचे पो मातीने झाकावेत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राखण ठेवावी.

कायदा काय म्हणतो?

भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २६ अन्वये राखीव वनास आग लावणे किंवा वनास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटती सोडणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. अभयारण्यात आग लावण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याचीही मनाई आहे. कलम ७९ मात्र थोड्यांना ठाऊक असते. वनात चराई किंवा वनोपज यांचा हक्क अथवा परवाना असणाऱ्या प्रत्येकाने आगीची खबर देणे व ती विझविण्यास मदत करणे, हे या कलमाने बंधनकारक केले आहे. रानाचा उपयोग घेणाऱ्यावर रानाची राखण करण्याचीही जबाबदारी आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

परंतु प्रत्येक धुऱ्यावर शिपाई उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. धुऱ्यावर काडी ओढावी की विळा चालवावा, हा निर्णय शेवटी कास्तकाराचा स्वतःचा असतो. काडीने मजुरीचे काही रुपये वाचतात. तिच्यासोबत गुरांचा आठ महिन्यांचा चारा, टेकडीवरची माती आणि विहिरीचे पाणी पणाला लागते. यंदाच्या हंगामात प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील निदान एक टेकडी वणव्यापासून राखावी आणि पावसाळ्यानंतर तिच्यावरील गवत शेजारच्या जळालेल्या टेकडीशी ताडून पाहावे. त्यावरून कोणती रीत फायद्याची, हे गावाला आपोआप कळून येईल.